पुरुषांतील वंध्यत्व : बुजलेला मार्ग आणि त्यावरील उपाय

लग्नाला चार-पाच वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडे दाखविले जाते. नवस होतात, अंगारे-धुपारे होतात, पुढे तिच्या तपासण्यांवर खर्च होतो आणि अखेर तिला माहेरी धाडण्याची किंवा मुलाचे दुसरे लग्न लावून देण्याची भाषा सुरू होते. या सगळ्यात पतीची एक साधी तपासणी मात्र राहून जाते. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. त्या कारणांपैकी एक म्हणजे शुक्रजंतूंच्या मार्गातील अडथळा. अनेकदा त्यावर उपाय होऊ शकतो, म्हणून त्याची माहिती सर्वांना असणे अगत्याचे आहे.

शुक्रजंतूंचा प्रवास

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. या क्रियेस सुमारे अडीच महिने लागतात. तेथून ते अधिवृषणात येतात. ही वेटोळे घातलेली नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल. तीत परिपक्व झालेले शुक्रजंतू शुक्रवाहिनीतून वर चढतात आणि वीर्यकोश व पुरःस्थ ग्रंथी यांच्या स्रावांत मिसळून बाहेर पडतात.

या मार्गात दोन्ही बाजूंना अडथळा आला, तर विहिरीला पाणी असूनही पाट बुजल्याने शेत कोरडे राहावे, तशी स्थिती होते. वीर्याचा बहुतांश भाग वर सांगितलेल्या ग्रंथींचा स्राव असल्यामुळे अडथळा वृषणाजवळ असेल तर वीर्य नेहमीसारखेच दिसते. कामशक्तीतही उणेपणा नसतो. म्हणूनच ‘माझ्यात दोष असूच शकत नाही’ हा पुरुषाचा समज फसवा ठरतो. पौरुष आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडथळा कशाने येतो?

परमा व तत्सम गुप्तरोग वेळीच बरे केले नाहीत, तर अधिवृषणात सूज येऊन नळी बुजते. क्षयरोग जननमार्गात पसरला तरीही असेच घडते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत क्वचित शुक्रवाहिनीस इजा पोहोचते. काही पुरुषांत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. हा दोष आनुवंशिक असू शकतो. पुरुष नसबंदी हा तर हेतुपुरस्सर निर्माण केलेला अडथळाच होय.

पूर्वी देवीचा रोगही याला कारण होई. देवी येऊन गेलेल्या पुरुषांतील या दोषाकडे मुंबईचे डॉ. ए. एम. फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली आपल्या शोधनिबंधाद्वारे लक्ष वेधले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि हे कारण इतिहासजमा झाले. लसीकरणाने केवळ प्राणच वाचविले नाहीत, पुढील पिढीची वाटही मोकळी केली.

तपासणी आणि उपचार

एक वर्ष नियमित सहवास होऊनही गर्भधारणा न झाल्यास पती-पत्नी दोघांनी डॉक्टरांकडे जावे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर केलेली वीर्यतपासणी ही पहिली पायरी होय. वीर्यात शुक्रजंतू मुळीच न आढळल्यास ती पुन्हा करतात. त्यानंतर शारीरिक तपासणी, रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी यांवरून शुक्रजंतूंची निर्मितीच थांबली आहे की केवळ मार्ग बंद आहे, याचा उलगडा होतो. वीर्यात शुक्रजंतू नसलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये मार्गातील अडथळा हेच कारण असते.

अडथळ्याची जागा पाहून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने नळी पुन्हा जोडता येते. नसबंदीनंतर ज्यांची मुले दुर्दैवाने दगावली, अशा दांपत्यांना या शस्त्रक्रियेचा आधार मिळतो. मात्र नसबंदीला जितकी वर्षे होतात, तितकी यशाची शक्यता घटते. जोडणी शक्य नसेल, तर वृषणातून किंवा अधिवृषणातून शुक्रजंतू काढून प्रयोगशाळेत एकेक शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडतात. ‘इक्सी’ नावाच्या या पद्धतीने पहिली बालके १९९२ मध्ये जन्मास आली. शुक्रवाहिनी जन्मतः नसल्यास त्याआधी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी करून घ्यावी. अशी केंद्रे २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. तसेच ‘ताकदीची’ म्हणून पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने परस्पर घेऊ नयेत. त्यांनी शुक्रजंतूंची निर्मितीच मंदावते.

गावाची जबाबदारी

गुप्तरोग व क्षय यांवर वेळीच आणि पूर्ण उपचार हाच उत्तम प्रतिबंध होय. हे उपचार शासकीय आरोग्य केंद्रांत मिळतात. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक यांच्या शब्दाला गावात मान असतो. एखादे निपुत्रिक जोडपे सल्ल्यासाठी आले, तर ‘पतीची तपासणी झाली काय?’ हा प्रश्न त्यांनी आधी विचारावा, तोही चारचौघांत नव्हे, तर खासगीत. त्या एका प्रश्नाने एखादा संसार मोडता मोडता वाचू शकेल आणि निरपराध स्त्रीच्या माथी मारलेला वांझपणाचा कलंक पुसला जाईल.