घरी मिसळ पार्टी: १२ जण, एक पातेलं आणि यजमानही गप्पांत

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. इयरफोन विसरलात, लोकलमध्ये नेटवर्क गेलं किंवा मापं परत बघायची आहेत, तर हे वाचा.)

जेवलात ना? नसाल जेवलात तर हा भाग जरा जपून ऐका, कारण आज सगळं खाण्यापिण्याचंच बोलणं आहे.

विषय असा: घरी मित्रमंडळी बोलवायचीत, काहीतरी थीम हवीय, पण खर्च नको आणि राडा तर अजिबात नको. काय करायचं?

रेसिपीकडे जायच्या आधी माझ्या पहिल्या पार्टीचा किस्सा सांगतो. भाड्याचा वन बीएचके, बारा जण येणार, मी भलत्या जोशात. मेन्यू काय ठरवला? बटाटेवडे, पावभाजी, हाका नूडल्स आणि गुलाबजाम. थीम काय? थीम नाहीच, जे जे येतं ते ते सगळं! आता वडे गरमच हवेत, म्हणून मी कढईपाशी. पाव तव्यावर भाजायचेत, म्हणून पुन्हा मीच. एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीत बाहेरचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. मी घाम पुसत बाहेर आलो तेव्हा निम्मे लोक बूट घालत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं की त्या संध्याकाळी माझ्या जवळच्या मैत्रिणीने सगळ्यांना सांगितलं होतं, तिचे बाबा आजारी आहेत आणि ती नोकरी सोडून लातूरला परत चाललीय. माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून सांगितलं. मीच तेवढा तिथे नव्हतो. तिला वाटलं, मी ऐकलंय आणि काहीच बोललो नाही.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मग! आपल्याकडे एवढी माणसं जेवून गेली, बाहेर कोण काय बोललं हे मला कधी कळलंय का?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हापासून मी एक नियम केला. ज्या पार्टीत यजमान पाहुण्यांसोबत बसू शकत नाही, ती पार्टी करायची नाही.

थीम कशाला हवी?

थीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुगे आणि रंगीत दिवे येतात. ते असू देत, छान दिसतात. पण थीमचा खरा फायदा स्वयंपाकघरात होतो. एक गोष्ट पक्की ठरली की बाकीच्या दहा गोष्टी आपोआप कटाप होतात. खरेदीची यादी छोटी होते आणि गॅसवर एक-दोनच पातेली चढतात.

मी कुठलीही थीम तीन प्रश्नांवर घासून बघतो:

१. बहुतेक काम आदल्या दिवशी उरकतं का?
२. पाहुण्यांना आपली प्लेट आपण लावून घेता येते का?
३. सोबतचं पेय त्या खाण्याला खरंच साथ देतं का, की नुसतं शोभेला?

या तिन्हींत पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा आपला पदार्थ म्हणजे मिसळ. नावातच मिसळणं आहे! आणि मिसळीवर भांडण फुकटात मिळतं. कोल्हापूरवाल्याला झणझणीत कट आणि स्लाइस ब्रेड हवा. पुण्यातला पोहे आणि बटाट्याची भाजी घालणार. नाशिकवाला पापड आणि दही मागणार, वर जिलबीही हवी म्हणणार. तीन गावांची माणसं एकत्र आली की करमणुकीची वेगळी सोय करावीच लागत नाही. मी तर कागदावर 'कोल्हापूर', 'पुणे', 'नाशिक' लिहून त्या-त्या वाट्यांसमोर उभे करतो. झालं डेकोरेशन.

१२ जणांचं माप

हे लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

- कोरडी मटकी: ६०० ग्रॅम (मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते)
- फरसाण: पाऊण किलो
- पाव: ३६, किंवा त्या हिशोबात ब्रेड
- कांदे: वरून घालायला १ किलो, कटासाठी ४ मोठे
- सुकं खोबरं: १०० ग्रॅम
- लसूण: २०-२५ पाकळ्या, आलं दोन इंच
- लिंबं: ८, कोथिंबीर दोन जुड्या
- दही: २ किलो (दीड किलो मठ्ठ्याला, बाकीचं प्लेटमध्ये)
- पोहे आणि उकडलेले बटाटे: पुणेकर येणार असतील तर

मला मागच्या वेळी माणशी शंभर-सव्वाशे रुपये पडले. ॲपवरून मागवलं असतं तर या पैशांत एकाचं पोटही नीट भरलं नसतं.

कधी काय करायचं?

पार्टी रविवारी दुपारी आहे असं धरू.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना मटकी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत टाका. संध्याकाळी आलात की पाणी काढून टाका आणि ओल्या सुती कापडात बांधून ठेवा. उन्हाळ्यात शनिवारी दुपारपर्यंत छान मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून वरून टॉवेल गुंडाळा. मोड आले की मटकी फ्रिजमध्ये. चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर मोह न करता फेकून द्या.

शनिवारी रात्री कटाचं वाटण. उभे चिरलेले कांदे तेलावर चांगले लालसर परता, खोबरं खरपूस भाजा, आलं-लसूण घाला, गार झालं की मिक्सरमधून गुळगुळीत वाटा. डब्यात भरा, फ्रिजमध्ये ठेवा, झोपा.

रविवारी सकाळी दोन पातेली. एकात उसळ: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी, त्यात मटकी, मीठ, थोडा गोडा मसाला. मटकी शिजली पाहिजे पण लगदा नको, म्हणून मी कुकर टाळतो. दुसऱ्या पातेल्यात कट. शेवटचं काम कांदा-कोथिंबीर चिरण्याचं. ते पहिला जो पाहुणा येईल त्याच्या हातात द्यायचं! लाजायचं नाही. मोकळ्या हाताने कोपऱ्यात उभं राहण्यापेक्षा कांदा चिरणं लोकांना खरंच आवडतं.

तर्री वर का येते?

हा माझा आवडता भाग. कटाला एक वाटी तेल लागतं. हो, एक वाटी. घाबरू नका, बारा जणांत वाटलं की माणशी एक मोठा चमचा होतो.

मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तेल तापलं की आधी वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतायचं, मग आच कमी करून कांदा-लसूण मसाला घालायचा, तीन-चार मोठे चमचे. आच मोठी राहिली तर मसाला करपतो आणि कट कडू होतो. पुढे काहीही केलं तरी तो कडूपणा जात नाही. मसाला तेलात मिनिटभर परतला की तीन लिटर कडकडीत गरम पाणी ओतायचं, मीठ घालायचं आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्यायचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून मसाल्याचा रंग घेऊन ते वर येऊन तरंगतं. तीच आपली तर्री. सारखं ढवळत बसलात तर ते बिचारं वर येणार कधी?

पाणी पिऊन तिखट का जात नाही?

इथे पेयाचा मुद्दा येतो. मिरचीतला झोंबणारा घटक म्हणजे कॅप्सेसिन. तोही तेलातुपात विरघळणारा, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून जीभ पेटल्यावर घटाघटा पाणी प्यायलं तर क्षणभर गार वाटतं आणि आग परत येते. दुधा-दह्यात स्निग्धांश असतो, शिवाय केसीन नावाचं प्रथिन असतं. ते कॅप्सेसिनला धरून जिभेवरून घेऊन जातं. मिसळीबरोबर ताक-मठ्ठा द्यायची आपल्या लोकांची पद्धत उगाच नाही.

बारा जणांसाठी दीड किलो दही, साडेतीन लिटर गार पाणी, किसलेलं आलं, ठेचलेली एखादी हिरवी मिरची, हिंग, जिरेपूड, कोथिंबीर, मीठ आणि चिमूटभर साखर. घुसळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. माणशी दोन ग्लास आरामात होतात.

कुणी दूध-दही घेत नसेल तर सोलकढी करा. आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कोळायची, त्यात नारळाचं दूध, मीठ, थोडं लसूण-मिरचीचं वाटण. नारळाच्या दुधातही स्निग्धांश असतो, त्यामुळे तीही तिखटाला उतारा. फक्त ती त्याच दिवशी करा आणि गारच ठेवा, उकाड्यात लवकर बिघडते. शेवटी गोड हवं तर पियुष विकत आणा. सगळं घरीच झालं पाहिजे अशी शपथ आपण घेतलेली नाही.

मांडणी

टेबल नसेल तर इस्त्रीचं टेबल चालतं. मी वापरलंय! फक्त त्यावर गरम पातेलं ठेवू नका. क्रम असा: खोलगट प्लेट, पोहे-बटाटा, उसळ, फरसाण, कांदा-कोथिंबीर, दही, लिंबू, पाव. कट मात्र ओट्यावर मंद आचेवर, लहान मुलांच्या हाताबाहेर. तिथे दर अर्ध्या तासाला नवा माणूस नेमायचा. त्याला आम्ही 'कटमंत्री' म्हणतो. मंत्रिपद फिरतं ठेवलं की यजमान मोकळा.

एक गोष्ट लक्षात घेतलीत का? उसळीत आपण कांदा-लसूण घातलेलाच नाही. तो फक्त कटात आणि वरून. माझी एक मैत्रीण चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. आधी ती प्रत्येक पार्टीत "मी खाऊन आलेय गं" म्हणून नुसती सरबताचा ग्लास धरून बसायची. आता ती उसळ, साधी शेव आणि दही घेते, लिंबू पिळते आणि सगळ्यांबरोबर जेवते. तिच्यासाठी वेगळं ताट वाढावं लागत नाही आणि तिला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. तिखट न झेपणाऱ्यांचं, आजी-आजोबांचं, मुलांचंही तेच. मूळ पदार्थ साधा ठेवायचा आणि धार बाजूला ठेवायची. ज्याला जेवढी हवी तेवढी त्याने घ्यावी.

हाच फॉर्म्युला, दुसऱ्या थीम

पटापट सांगतो.

भेळ: चिंच-खजुराची गोड चटणी चार दिवस आधी करून फ्रिजमध्ये. पुदिन्याची हिरवी आदल्या दिवशी. कुरमुरे मात्र आयत्या वेळी कालवायचे, नाहीतर मऊ पडतात. सोबत कोकम सरबत.

कोजागरी: आश्विन पौर्णिमा, गच्ची आणि मसाला दूध. बारा जणांना तीन लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटवायचं. साखर, वेलची, जायफळ, केशर, बदाम-पिस्ते, चारोळी. दूध आटवणं हेच एकमेव मोठं काम आणि ते संध्याकाळीच उरकतं.

उपवास: हसू नका! एकादशी आणि दुप्पट खाशी आपल्याकडे म्हणतातच. वरी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. साबुदाणा वडे टाळा, नाहीतर परत कढईपाशी उभे राहाल. मी भोगलंय.

हो, आणि शिजवलेली उसळ उकाड्यात संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. दोन तासांत उरलंसुरलं फ्रिजमध्ये, आणि परत खाताना चांगली उकळी.

शेवटी

गेल्या दिवाळीनंतर आई पुण्याला आली होती. मी मिसळ ठेवली. सवयीप्रमाणे ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. "अरे, करायला काहीच नाहीये इथे."

"नाहीच आहे. तू बस."

बसली. पहिली दहा मिनिटं अवघडली होती, सारखं कुणाला काय हवंय ते बघत होती. मग माझ्या एका मित्राने तिला विचारलं, "काकू, तुमच्याकडे मिसळीत काय घालतात?" आणि त्यानंतर तासभर ती बोलत होती. तिच्या कॉलेजच्या कॅन्टीनच्या गोष्टी तर मीही पहिल्यांदाच ऐकल्या.

लातूरची मैत्रीण त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होती. बाबा आता बरे आहेत तिचे. या वेळी मी ते तिच्याच तोंडून ऐकलं.

तर मंडळी, करून बघा, आणि तुमच्या पार्टीचा कटमंत्री कोण झाला ते व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर खात राहा, ऐकत राहा!