गाडी घरची, नाव दुकानाचं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आटपाडीच्या बाजारात डाळिंबाचे सौदे चालू असताना कडेला उभ्या असलेल्या गाड्या जरा निरखून बघा. एखाद्या मोटारीच्या मागच्या काचेवर श्री सिद्धनाथाचं नाव, दुसरीवर मुलांची नावं, तिसरीवर 'डाळिंबाची रोपे मिळतील' आणि खाली मोबाईल नंबर. दिवाळीत किंवा खरसुंडीच्या यात्रेत यात परराज्यांतल्या नंबरांच्या गाड्यांची भर पडते. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली आपलीच माणसं ती. पूर्वी अशी अक्षरं पेंटर ब्रशनं काढायचा, तीही बहुतेक टेम्पो-ट्रकवर. आता रेडियमवाला ती कॉम्प्युटरवर बघताबघता कापून देतो, त्यामुळं घरच्या गाडीवरही धंद्याचं नाव आलं.

नावाबरोबर शंकाही आल्या. नाव लावलं की गाडी व्यावसायिक ठरते का? पिवळी पाटी घ्यावी लागेल का? उलट समजणारेही आहेत. नाव लावलं म्हणजे गाडी धंद्याची झाली, आता कर वाचेल, असं त्यांना वाटतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. स्टिकरनं गाडीचा वर्ग बदलतो, असं आपण धरून चालतो.

तसं नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा गाडीचा वर्ग ठरवताना तिच्यावर काय लिहिलंय हे बघत नाही. गाडी कशी बांधली आहे आणि कशासाठी वापरली जाते, हे बघतो. मालवाहू गाडीच्या व्याख्येत मालासाठी बांधलेलं वाहन तर येतंच, पण तसं न बांधलेलं वाहन माल नेण्यासाठी वापरलं, तर तेही येतं. मोटारीतून नेलेलं स्वतःचं सामान मात्र माल धरत नाहीत. म्हणजे दारावर नर्सरीचं नाव असलेली गाडी घेऊन तुम्ही लग्नाला गेलात, तर बिघडत नाही. त्याच गाडीची मागची सीट पाडून रोज रोपांचे ट्रे किंवा डाळिंबाचे क्रेट पोचवू लागलात, तर नाव असो वा नसो, प्रश्न उभा राहतो.

आणि तो खरा उभा राहतो विम्याच्या वेळी. खाजगी मोटारीची पॉलिसी घरात असते, पण ती वाचतं कोण? तीत वापराच्या मर्यादा असं एक कलम असतं. गाडी कोणत्याही कामासाठी वापरा, पण भाड्यानं नको, मालवाहतुकीसाठी नको, शर्यतीसाठी नको, मोटारींच्या धंद्यासाठी नको, असा त्याचा मथितार्थ. मालवाहतुकीपुढं एक सवलत आहे. नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. म्हणजे विमा एजंट ग्राहकाच्या घरी गेला, बियाण्याचा विक्रेता चार पाकिटं दाखवायला घेऊन गेला, तर तो मर्यादेच्या आतच आहे. केटरिंगवाल्यानं भांडी आणि गॅसच्या टाक्या भरल्या, की तो बाहेर गेला. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो. डिकीत क्रेट आणि दारावर 'घरपोच सेवा' असं दिसलं, तर तो विचारणारच. स्टिकर गुन्हा नव्हे, पण साक्षीदार होऊ शकतो. खाजगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्यानं वापरल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं, की अशा वेळी दावा सरसकट फेटाळू नये, रक्कम कमी करून द्यावी. दिलासा आहे, पण पूर्ण भरपाई नाही. माल न्यायचाच असेल, तर छोटी मालवाहू गाडी घ्यावी, नाहीतर टेम्पोवाल्याला भाडं द्यावं, हे माझं स्पष्ट मत.

कराचं थोडक्यात. चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सामान्य दुकानदाराला मिळत नाही. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे, ड्रायव्हिंग स्कूलवाले यांना ते मिळतं. आयकरात खर्च दाखवताना धंद्यासाठी किती वापर झाला, ते विचारतात. तिथं इंधनाच्या पावत्या उपयोगी पडतात, रेडियम नाही.

रिक्षा, टॅक्सी, बस यांच्यावरच्या जाहिरातीला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते. खाजगी गाडीवर पैसे घेऊन दुसऱ्या कंपनीची जाहिरात लावायची असेल, तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काहीही नको, देवाचं नावसुद्धा नको. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा केंद्रीय नियम आहे. तेव्हा मागची काच अक्षरांनी भरून टाकू नये. सगळी गाडीच दुसऱ्या रंगाच्या स्टिकरनं मढवायची, तर रंगाची नोंद आरसी बुकात असते, हे लक्षात ठेवावं.

आता लिहावं काय? बहुतेकांचा मोह असा, की दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पदवी, दहा वस्तूंची यादी, तीन नंबर. चालत्या गाडीवरचं एवढं वाचायला माणसाला वेळ कुठं आहे? नाव, काम, गाव आणि एक नंबर पुरे. गाव तर हवंच. एमएच १० वरून फार तर सांगली जिल्हा कळतो. मिरजेच्या रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही आटपाडीचे की जतचे, ते कळायचं कसं? अक्षर जाड घ्यावं. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका हा सुटा, इवलासा तुकडा असतो. आपल्याकडचं ऊन आणि धूळ यांत तोच आधी निघतो, आणि दोन उन्हाळ्यांत डाळिंबाचं 'डाळिब' होतं.

काढताना थिनर वापरू नका, रंग जातो. केस वाळवायच्या मशीननं कोमट करून एका कोपऱ्यापासून सावकाश ओढावं. जुनं स्टिकर असेल, तर खालचा रंग गडद राहिलेला दिसतो, कारण भोवतालचा उन्हानं फिका झालेला असतो. तो पॉलिशनं थोडाफार जुळतो.

हे काम गाडी विकण्याआधी करायचं. लोक २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतात, पैसे मोजून घेतात आणि दारावरची अक्षरं तशीच ठेवून चावी देतात. मग गाडी सांगोल्याच्या रस्त्यावर कुणाला तरी कट मारून जाते आणि शिव्यांचा फोन आटपाडीच्या दुकानात वाजतो.