क्यूच्या टोकावरील कृत्रिम हस्तिदंत

पूल खेळाच्या क्यूवर (चेंडूस ठोसा देणाऱ्या लाकडी दांड्यावर) कातडी टोपणाखाली जे पांढरे कडे असते, ते, काठीची शेंबी जशी टोक फुटू देत नाही तशी, दर आघातासरशी लाकूड चिरण्यापासून वाचविते. १९८९ साली आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास मनाई ठरल्यावर हस्तिदंती कड्यांना कृत्रिम पर्यायांची निकड वाढली. मात्र रंगरेषा जितक्या हुबेहूब तितका पर्याय सरस, हा समज यथार्थ नव्हे. खरा कस चिवटपणाचा व वजनाचा: लिननचे थर फेनॉलिक राळेत (उष्णतेने कायम घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत) दाबून केलेले कडे हस्तिदंताहून हलके असल्याने मध्य सोडून मारलेल्या ठोशात चेंडू कमी भरकटतो, उलट ओतीव पॉलिएस्टरात हस्तिदंती रेषा सुरेख उतरल्या, तरी तंतूंच्या आधारावाचून पातळ कडे तडकण्याचा संभव अधिक.