सरकार नको, पण गावकी चालते?

‘कोणी कोणाशी बोलावं, कोणाला लग्नाला बोलवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. सरकारने त्यात नाक खुपसू नये.’ इथपर्यंत ठीक. पण लगेच पुढचं वाक्य येतं: ‘म्हणून गावाने एखाद्याला वाळीत टाकलं, तर स्वातंत्र्यवाद्याला (लिबर्टेरियनला) तक्रार करता येत नाही.’ जातीचे कैवारी हे खुशीत म्हणतात, लिबर्टेरियन विचाराचे टीकाकार तेच चिडून म्हणतात. मूळ पुस्तकं चाळायची तसदी मात्र दोघंही घेत नाहीत.

मोठा गैरसमज: स्वातंत्र्याला धोका फक्त सरकारचा असतो.

वस्तुस्थिती: लिबर्टेरियन ज्याला आपला पूर्वसूरी मानतात, त्या जॉन स्टुअर्ट मिलने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात समाजाच्या जुलमाला अनेक प्रकारच्या सरकारी जुलमाहून भयंकर ठरवलं, कारण त्यातून सुटायला वाटा कमी उरतात. मिल वाचून घडलेल्या समाजसुधारक आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. ती काही इंग्रज कलेक्टरने काढली नव्हती.

सगळे लिबर्टेरियन मिलच्या वाटेने गेले नाहीत, हेही मान्य करू. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनला वंशभेद नापसंत होता, पण नोकरी कोणाला द्यावी हे खासगी मालकाला कायद्याने सांगू नये, असं त्याने 1962 च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये लिहिलं. हान्स-हर्मान हॉपे तर जमीनमालकांनी आपसात करार करून नकोशी माणसं वस्तीबाहेर ठेवावीत, इथवर जातो. तेव्हा कागदावर पूर्वग्रह आणि हा विचार एकत्र नांदू शकतात. पण ‘कायद्याने बंदी नको’ म्हणजे ‘हे योग्य आहे’ असं होत नाही. किती वेळा सांगायचं?

आता कागद बाजूला ठेवून कोकणातली गावकी पाहू. बैठक बसते, फर्मान निघतं. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार मीठमिरची देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, घरात मयत झालं तर खांद्याला माणूस मिळत नाही. आणि जो बोलेल त्यालाही दंड. दंड भरला नाही तर तोही वाळीत. गिरणीवाल्याला ते गिऱ्हाईक नकोसं झालेलं नसतं, तो घाबरलेला असतो. स्वेच्छेच्या व्यवहाराला देव मानणाऱ्या विचाराला इथे स्वेच्छा दिसते तरी कुठे? एखाद्या शेजाऱ्याने मनाने अबोला धरणं वेगळं आणि दंडाच्या धाकाने अख्ख्या गावाचं तोंड बंद करणं वेगळं. पहिल्याला कोत्या मनाचा म्हणून सोडून देता येतं. दुसरी सरळ सत्ता आहे, फक्त तिच्याकडे सरकारी शिक्का नाही.

किरकोळ गैरसमज:

‘वंशभेद हा खुल्या बाजाराचा दोष.’ निव्वळ बाजाराचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत ट्राममध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचे कायदे आले, तेव्हा खर्च वाढतो म्हणून अनेक कंपन्यांनीच विरोध केला. जेनिफर रोबॅक यांनी 1986 च्या शोधनिबंधात ते मांडलंय.

‘मग बाजार भेदभाव आपोआप संपवतो.’ तेही नाही. भेदभाव करणाऱ्या मालकाला तोटा होतो हे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने 1957 मध्ये दाखवलं. पण गिऱ्हाईकच पूर्वग्रही असेल तर भेदभावातच नफा असतो, हेही त्याच्याच मांडणीतून निघतं.

‘खुल्या बाजाराचा समर्थक समाजसुधारणेचा शत्रू.’ शरद जोशींचं नाव ऐकलंय ना? शेतमालाला बाजार मोकळा करा म्हणणाऱ्या याच माणसाने ‘लक्ष्मीमुक्ती’तून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली.

‘समूहाचं स्वातंत्र्य म्हणजेच व्यक्तीचं स्वातंत्र्य.’ इथे न्यायालयंही अडखळलीत. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द केला, समाजाच्या धर्मस्वातंत्र्याचा हवाला देऊन. 2023 मध्ये तोच निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे गेला.

‘बहिष्कार घालणं हा गुन्हा थोडाच आहे?’ आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यानुसार 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्याच्या व्याप्तीवर स्वातंत्र्यवाद्याने जरूर वाद घालावा. मात्र त्याआधी गिरणीवाल्याच्या बाजूने उभं राहावं. नाहीतर त्याला स्वातंत्र्याची नाही, फक्त कराची काळजी आहे असंच लोक म्हणतील, आणि ते चुकीचं नसेल.