रस्त्याचा हिशेब कागदावरून कसा मागावा

गल्लीतला सिमेंट रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला की आपण नगरसेवकाच्या दारात जातो. त्याआधी त्या रस्त्याचे कागद बघावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. आपल्या जालन्यात नगरपरिषदेची महानगरपालिका २०२३ मध्ये झाली. काम त्याआधीचे असेल तर अर्जात 'तत्कालीन नगरपरिषद' असे जरूर लिहावे.

प्रश्न नको, कागद मागा

'रस्ता निकृष्ट का झाला?' असे विचारले की अर्ज तिथेच अडतो. खुलासा करायला माहिती अधिकारी बांधील नाही. दप्तरात असलेली नोंद द्यायला मात्र बांधील आहे. म्हणून कागदाचे नाव घ्या: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, अंतिम देयक. सोबत रस्ता कुठून कुठपर्यंत, प्रभाग कोणता, वर्ष कोणते, हेही लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते.

यात मोजमाप पुस्तिका सर्वांत बोलकी. ठेकेदाराचे बिल तिच्यावरूनच निघते. लांबी, रुंदी, जाडी, मोजणीची तारीख आणि अभियंत्याची सही त्यात असते. पुस्तिकेत जाडी १५ सेंटिमीटर असेल, तर उखडलेल्या कडेला टेप लावून ती कोणालाही पडताळता येते. वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचीही कायद्यात सोय आहे.

अर्ज आणि पैसे

जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पुरावा जोडावा लागतो. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. कोणी विचारले तरी सांगू नका.

आधी पाहा, मग प्रती घ्या

झेरॉक्सला पानामागे २ रुपये पडतात. सगळी फाइल मागून पैसे घालवण्यापेक्षा आधी अभिलेख पाहावेत आणि हव्या त्या पानांवर खूण करावी. राज्य सरकारने २०१८ च्या आदेशाने महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय केली होती. त्या सोयीचा फायदा फार थोड्या लोकांनी घेतला, याचे वाईट वाटते.

उत्तर आले नाही तर

मुदत ३० दिवसांची. ती टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. त्यानंतर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांचा स्टँप लावून अपील करा आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण आयोगापुढे तारीख मिळायला बराच काळ जातो, म्हणून पहिल्या अपिलातच नेटाने बाजू मांडा.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराचे ३० दिवस त्या शिक्क्यापासूनच मोजले जातात.