फिरत्या कर्ण्याचा इलेक्ट्रॉनिक भोंगा

गिरणीचा भोंगा ही एकेकाळी मुंबईकरांची घटिका होती. 1965 व 1971च्या युद्धकाळात हवाई हल्ल्याची सूचनाही भोंग्यानेच मिळे. अशा जुन्या विद्युत भोंग्यात मोटर खाचांचे चक्र वेगाने फिरवते. खाचांतून हवा तुटक तुटक बाहेर पडते व ध्वनी उमटतो. इलेक्ट्रॉनिक भोंग्यात असे चक्र नसते. विद्युत मंडल अपेक्षित स्वर निर्माण करते, ध्वनिवर्धक त्याची शक्ती वाढवतो आणि कर्णा तो बाहेर फेकतो. सोबत बॅटऱ्या असल्याने वीज खंडित झाली तरी सूचना देता येते.

खरा प्रश्न अंतराचा आहे. अमेरिकेत 1980 साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय मार्गदर्शिकेत, सर्वसाधारण वस्तीत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता 10 डेसिबलने घटते, असे गृहीत धरले आहे. त्यानुसार 30 मीटरवर 120 डेसिबल देणारा भोंगा 960 मीटरवर 70 डेसिबल इतकाच उरतो. ही त्रिज्या दुप्पट करावयाची तर आणखी 10 डेसिबल हवेत, म्हणजेच ध्वनिशक्ती दहापट वाढविणे आले! हा खर्च टाळण्याचा सुलभ मार्ग म्हणजे फिरता कर्णा. सर्व दिशांना विखुरणारी शक्ती तो एका झोतात एकवटतो आणि सावकाश फिरत प्रत्येक दिशेला आळीपाळीने पोहोचवितो.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. कर्ण्याचे तोंड वळले की ऐकणाऱ्यास आवाज क्षीण होतो. सलग स्वराच्या बाबतीत हा चढउतार उलट लक्ष वेधून घेतो. परंतु बोललेल्या सूचनेतील शब्द मात्र हरवतात. म्हणून जेथे भाषणाद्वारे सूचना द्यावयाच्या असतात, तेथे चहूबाजूंना तोंडे असलेले स्थिर कर्णे अधिक उपयुक्त ठरतात. शिवाय फिरणारा भाग म्हटला की झीज, गंज आणि वंगण यांची काळजी आलीच. खांबाजवळच्या माणसांच्या कानांना इजा होऊ नये यासाठी कर्णा पुरेशा उंचीवर बसविणेही अगत्याचे असते.

तथापि उत्तम यंत्र म्हणजे उत्तम सूचना नव्हे. हवाई बेटांवर भोंग्यांची दर महिन्यास चाचणी होत असे. तरीही 8 ऑगस्ट 2023 रोजी लाहैना नगर वणव्यात सापडले, सुमारे शंभर माणसे दगावली, आणि भोंगे वाजविलेच गेले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी असे समजून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावतील, अशी भीती वाटल्याचे संबंधित अधिकाऱ्याने नंतर सांगितले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. भोंगा कोणी वाजवावयाचा, कोणत्या स्वराचा अर्थ काय आणि तो ऐकताच कोठे जावयाचे, हे शाळेतील मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकास आधीच ठाऊक असले पाहिजे. कर्णा आवाज दूरवर नेईल. त्याचा अर्थ घरोघरी पोहोचविण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागेल.