महाविद्यालयाची रोजकीर्द

कोणत्याही महाविद्यालयाच्या कचेरीतील छायाचित्रसंग्रह उघडून पाहावा, तर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, दीपप्रज्वलन, पारितोषिक-वितरण आणि पायऱ्यांवर रांगेने उभा केलेला पदवीचा वर्ग यांपलीकडे त्यात बहुधा काही आढळत नाही. ज्या तीन वर्षांत एखादा मुलगा एस.टी.च्या गर्दीत उभ्याने प्रवास करीत, मेसच्या डब्यावर गुजराण करीत आणि निकालाची धास्ती बाळगीत जाणता झाला, त्या वर्षांचा मागमूसही तेथे नसतो. बखरकाराने मोहिमा वर्णाव्यात आणि कारकुनाने रोजकीर्द लिहावी, असा आपल्या दप्तरांचा जुना रिवाज होता. धान्याचे भाव, पागेचा खर्च आणि सणावारांची देणी पुढे इतिहास-संशोधकांना उमगली ती मात्र रोजकीर्दीच्या फर्दांतूनच. विद्यार्थ्यांच्या नित्य जीवनाचे छायाचित्रण ही अशीच एक रोजकीर्द आहे, आणि ती लिहिण्यास बारामती व इंदापूर या शेजारच्या तालुक्यांइतका विविध मुलूख सहसा सापडणार नाही.

बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली, शारदानगरला मुलींच्या शिक्षणाची सोय झाली आणि इंदापुरासही कला, विज्ञान व वाणिज्य शाखांचे महाविद्यालय आले. या संस्थांच्या बाकांवर नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतदाराचा मुलगा आणि सुपे-मोरगावकडच्या जिरायत भागात टँकरची वाट पाहणाऱ्या घरातली मुलगी शेजारी-शेजारी बसतात. निमगाव केतकीच्या पानमळ्यातून, वालचंदनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून आणि उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांतून आलेली मुले त्यांत मिसळतात. वर्गातील सामूहिक छायाचित्रात सर्वांचा गणवेश एक आणि उभे राहण्याची रीतही एकच असल्याने हा भेद लोपतो. तो दिसावा अशी इच्छा असेल, तर छायाचित्रकाराने वर्गाबाहेरचे तास गाठले पाहिजेत.

शिक्षणसंस्था आणि कॅमेरा यांचा आपल्याकडील संबंध तसा जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५०च्या दशकातच छायाचित्रणाचा वर्ग भरू लागला होता. परंतु विद्यार्थ्यांच्या सहज वावराचे मोल ज्यांच्या चित्रांतून प्रथम ठळकपणे जाणवते, त्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पुढे दिल्लीतील सत्तांतराच्या काळाची छायाचित्रे घेऊन कीर्ती मिळविलेल्या आणि २०११ साली पद्मविभूषण झालेल्या या बाईंनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना आपल्या सहाध्यायिनींनाच चित्रविषय केले होते. त्या मुली परक्या नसल्यामुळे कॅमेऱ्यासमोर त्यांचा संकोच गळून पडे. सराव मिळविण्याची ही वाट आजही प्रत्येक विद्यार्थ्याला मोकळी आहे, कारण आपल्या वर्गमित्रांच्या इतक्या निकट राहण्याची मुभा कोणत्याही वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला मिळत नाही.

या कामाची सामग्री थोडी आहे. बऱ्यापैकी मोबाईल असला तरी निभते. प्रकाशाचे गणित मात्र समजून घ्यावे लागते. पहाटे डेअरीवर दूध घालून पहिल्या गाडीने निघालेला विद्यार्थी बसस्थानकावर उतरतो त्या वेळी उजेड अपुरा असतो. कॅमेऱ्याची झडप अधिक काळ उघडी राहते आणि हलणारी माणसे पुसट उमटतात. तेव्हा खांबाला टेकून हात स्थिर करावा, आणि धावत्या गर्दीत क्षणभर थबकलेला एखादा चेहरा गाठावा. याउलट पोलीस भरतीच्या तयारीसाठी मुले सोळाशे मीटर आणि मुली आठशे मीटर धावण्याचा सराव करतात, त्या मैदानावर ऊन चढल्यावर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी अल्प झडप ठेवता येते आणि उचललेले पाऊल हवेतच स्पष्ट पकडता येते. अभ्यासिकेत तर खिडकीचा तिरपा उजेड पुरेसा असतो. तेथे फ्लॅश उडविणे हा वाचणाऱ्याचा अपराधच समजावा.

तंत्राहून अवघड आहे तो धीर. कॅमेरा दिसताच माणसे केस सावरतात आणि दोन बोटे उंचावतात. परंतु तोच कॅमेरा काही दिवस कँटीनच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी पडून राहिला, की त्याचे अप्रूप सरते. मग जून महिन्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीबाहेर लागलेली रांग, शिष्यवृत्तीच्या अर्जात खोळंबलेली बोटे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात भाकरी थापण्याचा पहिला प्रयत्न, आणि पालखी मुक्कामी आली असता वारकऱ्यांना पाणी देणारी मुले असे प्रसंग विनासायास समोर येतात.

या सलगीबरोबर जबाबदारीही येते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले अठरा वर्षांच्या आतील असतात. त्यांची चित्रे छापण्यापूर्वी पालकांची अनुमती घ्यावी. सज्ञान विद्यार्थ्यांच्या बाबतीतही चित्र घेण्याची संमती आणि ते प्रसिद्ध करण्याची संमती या दोन भिन्न गोष्टी मानाव्यात. मित्रमंडळींत मोकळेपणी हसणाऱ्या मुलीचे निरागस चित्र गावातील फोनांवर फिरले, तर त्यातून भलता अर्थ काढला जाऊन तिचे शिक्षणच बंद पडण्याचा संभव असतो; एखादे उत्तम चित्र पुसून टाकावे लागले तरी छायाचित्रकाराने त्याची खंत करू नये.

अखेरचा प्रश्न जतनाचा. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील कित्येक गावठाणे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते आवर्जून पाहायला जातात. दगडी मंदिर टिकले. त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांतून शाळेला निघणारी मुले कशी दिसत, त्यांच्या हाती दप्तर होते की पिशवी, हे मात्र दगड सांगू शकत नाही. महाविद्यालयांच्या इमारतीही अशाच टिकतील. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वार्षिक नियतकालिकाची आठ-दहा पाने अशा चित्रांसाठी राखावीत, प्रत्येक चित्राखाली तारीख, स्थळ, प्रसंग आणि संमती असल्यास नाव लिहावे, आणि मूळ प्रती ग्रंथालयात दाखल कराव्यात. मोबाईलमधील हजारो चित्रे फोन बदलताच नाहीशी होतात आणि तारखेवाचून उरलेले चित्र पुढच्या पिढीला मुके ठरते. नीट नोंदलेली चाळीस चित्रे मात्र आणखी पन्नास वर्षांनी या दोन तालुक्यांतील पोरे कशी शिकली, याचा विश्वासार्ह पुरावा म्हणून मान्य होतील.